एक माणूस फुकट

ड्रमशील, मेयो, आयर्लंड
३ ऑक्टोबर २०१८

फिल,

तुझं पाकीट पोचलं. पोस्टमन टॉम ते हातात धरून दारातच उभा राहिला. पाकिटावर विमान, विमानाखाली सोनेरी रेघ. आत काय आहे ते कळल्याशिवाय गडी हलेना. 'डिलिया, बहिणीला लॉटरी लागली की काय?' म्हणाला. म्हटलं, लॉटरी नाही रे, तिला विमान कंपनीच्या सोनेरी कार्डाचं वेड लागलंय.

तर तुझ्या सत्तरीला मी हॅम्बुर्गला यायचं, आणि परतताना तुझ्या लाडक्या नॉर्डस्टर्न विमानाने, अगदी पुढे, पडद्याच्या आत. पैसे दिले नाहीस, विमानात उडून उडून साठलेले पॉइंट दिलेस. ते पॉइंट म्हणे वर्ष संपलं की मरतात, म्हणून एवढी घाई. दूध नासतं, अंडी नासतात, हे मला ठाऊक होतं. बक्षीस नासतं हे पहिल्यांदाच ऐकलं. आणि नासायला लागलं की मग बहीण आठवते.

आजवर मी तुझ्याकडे आले-गेले ती स्वस्तातल्या हॉपर विमानानेच. हॉपर कसं का असेना, आमच्या डोंगरावरच्या विमानतळावरून उडतं. धुकं नसेल तर. तिकडे लुबेकच्या शेतात नेऊन उतरवतात आणि त्याला हॅम्बुर्ग म्हणतात, ते एक असो. गुडघे हनुवटीला लागतात, पण या वयात ते आणखी कुठे लागणार होते? प्यायच्या पाण्याला पैसे पडतात. लॉटरीची तिकिटं मात्र वर ढगात असताना विकायला येतात, आणि चाकं जमिनीला टेकली की सगळं विमान टाळ्या वाजवतं. तुझ्या विमानात कोणी टाळ्या वाजवतं का? नाही ना? बघ.

आणि बॅग मापायचा तो पिंजरा! त्याला मी भीत नाही, कारण मी बॅगच नेत नाही. जे न्यायचं ते अंगावर. तुझ्या युर्गनच्या मातीला आले तेव्हा तीन स्वेटर, दोन झगे आणि वर कोट, कोटाच्या खिशात उकडलेली अंडी. ती हॉपरची पोरगी पासपोर्ट बघून म्हणते, 'आजी, फोटोत तुम्ही बारीक दिसता.' म्हटलं, फोटो उपाशीपोटी काढलाय.

कार्डाचा तोरा मला दाखवू नकोस. माझ्याकडेही आहे एक. सरकारने दिलेलं. बस फुकट, रेल्वे फुकट. त्यासाठी मला कुठे उडत बसावं लागलं नाही, नुसतं म्हातारं व्हावं लागलं. आणि ते वर्षअखेर मरत नाही. मी मेले की मरेल.

येते मी. आणखी एक. मातीच्या वेळी तुझ्या स्वयंपाकघरात तुला म्हटलं होतं, माझी मागची खोली रिकामी आहे, ये राहायला. 'नको गं' म्हणालीस. मी पुन्हा काढलं नाही. तिकडे इतकी वर्षं राहून तू त्यांच्यासारखी झालीस, त्यांचं नाही म्हणजे नाही. खोलीत मी आता डीप फ्रीझर ठेवलाय. अर्धी मेंढी मावते.

तुझ्या कार्डाने नेमकं मिळतं काय, ते एकदा नीट लिही. टॉमला सांगायचंय.

डिलिया


हॅम्बुर्ग
१४ ऑक्टोबर २०१८

डिलिया,

टॉमला सांग, कार्ड असलं की विमानात सगळ्यांच्या आधी चढता येतं. तू म्हणशील, विमान तर सगळ्यांना घेऊन एकदमच उडतं. युर्गनही हेच म्हणायचा, आणि तरी पळत जाऊन पहिला उभा राहायचा.

एक बॅग जास्त नेता येते. फोन केला तर यंत्र बोलत नाही, माणूस बोलतो. तो म्हणतो, 'फ्राऊ ब्रांट, कशा आहात?' खरंच उत्तराची वाट बघतो की त्याला तसं शिकवलंय कोण जाणे, पण मध्ये क्षणभर थांबतो. मागच्या महिन्यात मी उगाचच दोनदा फोन केला. हे टॉमला सांगू नकोस.

आणि लाउंज. विमानतळाच्या गर्दीतून एक काचेचं दार उघडतं आणि आत शांत. मऊ खुर्च्या, गरम सूप, वर्तमानपत्रं. कार्डावर एक माणूस फुकट आत नेता येतो. युर्गन आयुष्यभर बंदरांच्या क्रेन बसवत फिरला, म्हणून कार्ड त्याचं, आणि तो एक माणूस मी. तो गेल्यावर कंपनीने त्याचे पॉइंट माझ्या नावावर केले, कार्डही दिलं, पण फेब्रुवारीअखेरपर्यंतच. आता कार्ड माझं आहे आणि आत न्यायला कोणी नाही. म्हणून तुला बोलावते आहे. उगाच फुकट जायला नको.

दुसरी बातमी. चौथ्या मजल्याचे जिने आता माझ्या गुडघ्यांना झेपत नाहीत. एल्बे नदीच्या काठावर म्हाताऱ्यांसाठी घरं आहेत, त्यातली एक खोली बघून आले. खिडकीतून जहाजं दिसतात. हो-नाही फेब्रुवारीअखेर कळवायचं आहे. एकदा सही केली की हा फ्लॅट विकायचा आणि शेवटपर्यंत तिथेच राहायचं. चांगली आहे खोली. स्वच्छ आहे.

मागच्या खोलीत फ्रीझर ठेवलास ते बरं केलंस. खिडकीपाशी ठेवलायस का? त्या खिडकीतून आईचं सफरचंदाचं झाड दिसायचं. सहज विचारलं.

फिल


ड्रमशील
२७ नोव्हेंबर २०१८

फिल,

पोचले. आता तुझ्या त्या विमानाबद्दल.

पडद्याच्या आत म्हणजे मला वाटलं होतं निदान पलंग तरी असेल. अगं, खुर्ची हॉपरचीच, नुसता रंग वेगळा! मी गुडघ्यांनी मापून बघितली. फरक काय, तर मधली खुर्ची रिकामी ठेवलेली. म्हणजे तुम्ही लोक रिकाम्या खुर्चीचे पैसे भरता, आणि मागच्यांनी हसू नये म्हणून पडदा ओढून घेता. आपण दोघी सख्ख्या बहिणी, मध्ये ती खुर्ची, तिच्यावर बसलीय तुझी पर्स. तुझं बोलणं ऐकायला मला वाकावं लागत होतं, आणि माझी कंबर ही अशी. हॉपरमध्ये खांद्याला खांदा लागतो. तिथे तू मनातल्या मनात बोललीस तरी मला ऐकू येईल.

मग चिमट्याने गरम फडकं दिलं. मला वाटलं जेवण सांडू नये म्हणून, मी मांडीवर पसरलं. झगा ओला. तू आपली तोंड पुसत होतीस. आधी सांगायचं तरी!

आणि मग तो मार्कुस. चांगला पोरगा, शर्टाला इस्त्री, केसांनाही इस्त्री. वाकून म्हणाला, 'मॅडम, जेवण घेणार?' मी म्हटलं, 'नको रे बाबा, कशाला तुला त्रास.' आणि तो गेला. फिल, तो खरोखर गेला! मला वाटलं, मागे काही आणायला गेला असेल, येईल. आला तो तिसऱ्या रांगेतल्या टकल्याला कॉफी द्यायला. माझ्या नाकाखालून गरम बटाटे आणि मासे गेले ते गेलेच.

आईच्या टेबलावर आपण काय शिकलो? पहिल्यांदा नको म्हणायचं ते रीत म्हणून. दुसऱ्यांदा नको म्हणायचं ते लाज म्हणून. तिसऱ्यांदा म्हणायचं, 'बरं, तू एवढं म्हणतेस तर अर्धा कप.' आणि वाढणाऱ्याने तीनदा विचारायचं, नाहीतर गावभर नाव. त्या मार्कुसला आई नाही का?

आणि तू! 'हो, द्या,' पहिल्याच दमात. ताट असं ओढून घेतलंस, जणू जप्ती करायला आली आहेस. आई असती तर तिथल्या तिथे चमचा बसला असता हातावर. तेव्हाच म्हटलं, गेली ही, पूर्ण त्यांची झाली. मी मग लाउंजमधून पर्समध्ये घातलेला पाव वर्तमानपत्राआड खाल्ला. तुझ्या लाउंजची तीच गोष्ट. एवढं सूप, एवढं चीज, आणि वाढायला कोणी नाही. नको म्हणायचं तरी कुणाला?

पण सगळ्यावर कडी तू केलीस. मला सोडायला म्हणून विमानात चढलीस, डब्लिनपर्यंत आलीस, आणि उतरून त्याच विमानाने परत! मी म्हटलं, आता आलीच आहेस तर चल घरी, राहा रात्रीपुरती. 'नको गं, तुला उगाच,' म्हणालीस. मी सोडलं. कार्ड टिकवायला दोन उड्डाणं कमी पडतात, म्हणालीस. लोक तीर्थाला जातात, कोणी मुलाबाळांकडे जातात. पॉइंटासाठी समुद्र ओलांडून पाच मिनिटं जमिनीवर उभं राहणारी बाई आमच्या घराण्यात तूच.

परत आल्यावर कंबर धरली. कॅसलबारला डॉक्टर कॉस्टेलोकडे गेले. त्याने फोटो काढला आणि कागदावर लिहून दिलं, ही बाई एकटीने प्रवास करायला धड नाही. मी आत्ता जर्मनीहून आले, त्याच्यासमोर उभी! सरकार आता मला वेगळं कार्ड पाठवणार म्हणे. अपमान पोस्टाने येतोय.

डिलिया


हॅम्बुर्ग
९ डिसेंबर २०१८

डिलिया,

कंबरेला ऊब दे आणि कॉस्टेलोला शिव्या कमी दे.

मार्कुसवर अन्याय नको. ट्रे उचलायला आला तेव्हा त्याने मला हळूच विचारलं, 'तुमच्या बहिणीची तब्येत ठीक आहे ना?' मी म्हटलं, 'ठीक आहे. ती अजून सुरुवातच करते आहे.' त्याला काही कळलं नाही. मी त्याला सांगू शकले असते, पण डिलिया, माशामागे जाणारी तुझी नजर बघितल्यावर मला धीर झाला नाही. इतकी हसले नव्हते मी वर्षभरात.

आणि मी पहिल्यांदा हो म्हणते ते विमानात. तिथलं जेवण तिकिटात आलेलं असतं, मार्कुसच्या घरचं नसतं. त्यात लाजायचं काय? कोणाच्या घरचं असलं की मला अजूनही जमत नाही.

परवा त्या एल्बेकाठच्या घरी पुन्हा बोलावलं होतं. तिथली फ्राऊ लिंडेमान भली बाई आहे. 'कॉफी घेणार?' म्हणाली. मी म्हटलं, 'नको, राहू द्या.' तिने थर्मासचं झाकण लावलं. चाळीसहून जास्त वर्षं झाली मला इथे, पण ते झाकण लागलं की मी अजून दचकते. बाहेर पडले आणि बसच्या थांब्यावर विकतची कॉफी घेतली.

युर्गनला शिकवायला मला दोन वर्षं लागली होती. लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी अर्धपोटी काढलं. मग एकदा समजावून सांगितलं, तर जर्मन माणूस, त्याने नियमच करून टाकला. तीनदा विचारायचा, आणि विसरू नये म्हणून टेबलाखाली बोटं मोजायचा. मला दिसायची बोटं.

डब्लिनचं म्हणशील तर पॉइंटासाठीच आले, दुसरं काय असणार. दोन उड्डाणं झाली, काम झालं.

सहीचे कागद जानेवारीत येतील. नाताळच्या शुभेच्छा. तुझा केक पोचला, व्हिस्की हात सैल सोडून घातली आहेस.

फिल


ड्रमशील
७ जानेवारी २०१९

फिल,

नाताळ झाला. सोरखा आली होती गॉलवेहून. माझी नात तिथे एका प्रवास कंपनीत लोकांची तिकिटं काढते, ते तुला माहीत आहे. चहा पिताना तिला तुझी गंमत सांगितली. म्हटलं, बघ, तुझी मावशीआजी डब्लिनला आली आणि पॉइंट घेऊन परत गेली, कोंबडीने दाणा टिपावा तशी.

सोरखाने कप खाली ठेवला. 'नॅना, ते तिकीट पैशाचं होतं की पॉइंटांचं?'

म्हटलं, पॉइंटांचं. सगळे मरायला टेकलेले संपवले तिने.

'मग तिला एकही पॉइंट मिळाला नसणार. पॉइंटांच्या तिकिटावर पॉइंट मिळत नाहीत. त्याने कार्डही टिकत नाही.'

म्हटलं, तिला माहीत नसेल.

'नॅना, ज्याच्याकडे सोनेरी कार्ड आहे त्याला आपल्या पोरांचे वाढदिवस आठवणार नाहीत, पण हे पाठ असतं.'

मग ती तुझं पत्र वाचत बसली आणि मी भांडी घासली. भांडी घासताना माणसाला बरंच सुचतं. पॉइंट नव्हते, तर बाई आली कशाला? दोन तास यायला, दोन तास जायला, आणि मध्ये माझ्याबरोबर एक सरकता जिना. लाउंज तर हॅम्बुर्गलाच आटोपलं होतं.

खोटं बोलायचं तर नीट बोलावं, फिल. शाळा मी बारा वर्षांची असताना सुटली, तू पुढे शिकलीस, आणि तुझं खोटं एका पोरीने चहाच्या एका कपात पकडलं.

आता ऐक. मार्कुसने दुसऱ्यांदा विचारलं असतं तर तिसऱ्यांदाही विचारलं असतं, आणि मी मासे खाल्ले असते. युर्गन बोटं मोजायचा हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तर मीही मोजते. मातीच्या वेळचं ते एक. डब्लिनचं रात्रीपुरतं होतं, ते धरत नाही. हे दुसरं: मागची खोली आहे. ये राहायला. पाहुणी म्हणून नाही.

फ्रीझर शेडमध्ये हलवला. तुझ्यासाठी नाही, घरघरतो म्हणून. भिंतीला थोडी ओल आहे. ती तुझ्या वेळीही होती.

डिलिया


हॅम्बुर्ग
१९ जानेवारी २०१९

डिलिया,

नको गं. कशाला तुला त्रास.

माझी पुस्तकंच चाळीस खोकी होतील. मी घोरते, युर्गन सांगायचा. मला सकाळी चहा नाही, कॉफी लागते, आणि तीही कडक. तुझी आपली एक घडी बसलेली आहे, तुझ्या कोंबड्या, तुझा टॉम, तुझा रेडिओ. त्यात मी कुठे? शिवाय आपण दोघी एका घरात शेवटच्या राहिलो तेव्हा तू माझ्या अंगावर बादली फेकली होतीस. रिकामी नव्हती ती.

सहीचे कागद आले आहेत. टेबलावर आहेत. चांगलं पेन सापडत नाहीये.

ते झाड अजून आहे का? फळं धरतं का?

फिल


ड्रमशील
२८ जानेवारी २०१९

फिल,

झाड आहे. फळं आंबट आहेत. नेहमीच होती, तुला आठवत नाही एवढंच.

घोर खुशाल, माझा डावा कान गेलाय, मी उजव्या कुशीवर झोपते. कॉफी दुकानात मिळते, आपण काही रानात राहत नाही. पुस्तकं ओल असलेल्या भिंतीला लाव, तेवढाच भिंतीला आधार. बादलीचं म्हणशील तर तू माझी फीत चोरली होतीस, आणि बादली अजून घरात आहे.

नवीन कार्ड आलं. तो अपमान. कचऱ्यात टाकणार होते, पण सोरखा म्हणाली, नॅना, नीट वाच. वाचलं. फिल, माझ्या कार्डावरही एक माणूस फुकट येतो! डॉक्टरने लिहून दिलंय ना, मला एकटीने जाता येत नाही, मग सरकार सोबतीच्या माणसाचंही भाडं घेत नाही. कोणीही चालतो. बस चालते, रेल्वे चालते, ड्रमशील ते कॅसलबार, कॅसलबार ते गॉलवे, गॉलवे ते समुद्र. लाउंज नाही. सूप नाही. गरम फडकं नाही. पण मधली खुर्चीही नाही.

टॉमला विचारलं, येतोस का कॅसलबारला माझ्याबरोबर? तर त्याला पत्रं वाटायची आहेत. सोरखाला नोकरी आहे. तेव्हा ती जागा रिकामी आहे आणि सरकारचं नुकसान होतंय. नासणारी वस्तू टाकवत नाही म्हणतेस ना, मग ही बघ.

हे तिसरं. ये, फिल.

चौथं नसतं, तुला माहीत आहे. चौथ्या वेळेला आई किटली उचलून आत न्यायची.

येशील तर हॉपरने ये, आमच्या डोंगरावर. एकेरी तिकीट काढ. तीन स्वेटर घाल. अंडी उकड.

डिलिया


हॅम्बुर्ग
५ फेब्रुवारी २०१९

डिलिया,

बरं. तू एवढं म्हणतेस तर.

फिल

ता. क. अर्धा कप.


लुबेक विमानतळ
२ एप्रिल २०१९

डिलिया,

हे पत्र टपालात टाकणार नाही. उतरल्यावर तुझ्या हातात देईन, म्हणजे बसमध्ये तुला वाचायला काहीतरी होईल आणि मला खिडकीबाहेर बघता येईल.

फ्लॅट विकला. फ्राऊ लिंडेमानला कळवलं. तिने एकदाच विचारलं, 'नक्की ना?' मी म्हटलं, 'नक्की.' ती म्हणाली, 'छान.' या लोकांचं हे मात्र बरं आहे, डिलिया. पुस्तकं जहाजाने येतील. चाळीस नाहीत, अठ्ठावीस खोकी. बाकीची वाटून टाकली.

इथे लाउंज नाही. एक पत्र्याचा मांडव आहे आणि त्यात बाकं आहेत, आणि बाकांवर तुझ्या गावची निम्मी माणसं बसली आहेत. शेजारच्या बाईने मी कुणाची ते विचारलं. ड्रमशीलच्या डिलियाची धाकटी, म्हटलं. 'अरे देवा,' म्हणाली, आणि मला तिच्या पिशवीतला ब्रेड दिला. मी नको म्हटलं. तिने पुन्हा दिला. मी नको म्हटलं. तिने माझ्या मांडीवर ठेवला.

रांगेत सवयीने मी सोनेरी कार्ड काढून दाखवलं. हॉपरच्या मुलीने ते उलटंसुलटं करून बघितलं. 'हे काय आहे?' म्हणाली. मी म्हटलं, काही नाही, फेब्रुवारीत वारलं. ठेवून दिलं. वर गेल्यावर लॉटरीचं तिकीट घेईन आणि ते खरवडायला हे वापरीन. सोनं लागलं तर अर्धं तुझं.

तीन स्वेटर घातले आहेत. घाम फुटलाय. युर्गनचा कोटही वरून घातला, त्याच्या खिशात अंडी. पिंजऱ्यात बॅग बसली नाही, तेव्हा त्या मुलीसमोरच उघडून चौथा स्वेटर काढला आणि घातला. मागच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. अजून विमान उडालंही नाही.

मला मधली खुर्ची मिळाली आहे. दोन्ही बाजूंना माणसं असणार.

बोलावतायत. एवढंच लिहिते. घरी पोचल्यावर तू मला चहा विचारशील. मी नको म्हणेन. किटली खाली ठेवू नकोस.

फिल